महर्षी अण्णासाहेब कर्वे : निवृत्तीनंतरची अठ्ठेचाळीस वर्षे

स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यायचे, हा आपला परिपाठ आहे. यंदा कोणाचे द्यावे याचा विचार चालू असताना गणपतीच्या वर्गणीची वही आमच्या हाती होती. एक गोष्ट लक्षात आली. घर पांढुर्ण्यातले किंवा सौंसरमधले, नाव आजोबांचे किंवा आजींचे आणि वर्गणी मात्र पुण्याहून, नागपूरहून, बंगळुरूहून मोबाइलवर आलेली. अशी नावे दर वर्षी वाढत आहेत. मुले-सुना नोकरीच्या गावी, नातवंडे तिकडच्या शाळेत आणि इथे मोठ्या वाड्यात दोन म्हातारी माणसे. काही ठिकाणी एकच. घरी पैशाची अडचण नसते, औषधेही वेळेवर येतात. दिवस मात्र सरत नाही.

म्हणून आम्ही या वर्षी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र निवडले. विधवांच्या शिक्षणासाठी झटलेले समाजसुधारक म्हणून त्यांची ओळख आपल्या सर्वांना शाळेपासून आहे. ते एकशेचार वर्षे जगले हेही माहीत असते. पण त्यांनी १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्ती घेतली आणि त्यानंतर ते अठ्ठेचाळीस वर्षे जगले, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. नोकरीच्या दुप्पट वर्षे त्यांनी निवृत्तीत काढली. ती कशी काढली, हे सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. आधीचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण पुढच्याची मुळे त्यातच आहेत.

मुरूड ते हिंगणे

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. परिस्थिती बेताची. मुलगा अभ्यासात हुशार, पण स्वभावाने इतका भिडस्त की चारचौघांत तोंड उघडणे जिवावर येई. सतराव्या वर्षी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी तो सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेला. दिवस पावसाळ्याचे, वाट सह्याद्रीच्या घाटातली, अंतर शंभर मैलांहून जास्त. तिथे पोचल्यावर परीक्षकांना त्याचे वय कमी वाटले आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आल्या वाटेने तो परत गेला. पुढच्या आयुष्यात या माणसाने पायांवर आणि चिकाटीवर जो भरवसा ठेवला, त्याची सुरुवात आम्हाला इथे दिसते.

मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. मुंबईत शाळांतून गणित शिकवून आणि शिकवण्या करून त्यांनी संसार चालवला. गाव सुटले तरी त्यांनी गावाशी नाते तोडले नाही. मुरूडच्या सार्वजनिक कामांसाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला. १८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

बिजवराने लहान कुमारिकेशी लग्न लावायचे, हा त्या काळचा रिवाज. अण्णांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले. मुरूडकरांनी या जोडप्याला वाळीत टाकले. ज्या गावासाठी फंड उभा केला त्याच गावात आईच्या घरी राहण्याची सोय उरली नाही. अण्णा चिडले नाहीत आणि आपल्या निर्णयापासून हललेही नाहीत.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. विधवेला दुसरे लग्न करायचे नसेल, तर तिला शिकून स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. शहरातल्या प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली. तिथे एक साधी झोपडी बांधून काम सुरू झाले. कॉलेजचे तास संपले की अण्णा पुण्याहून हिंगण्याला चालत जात. वाटेत चिखल असे, काटे असत, डोक्यावर आश्रमाचे सामानही असे. १९०७ साली महिला विद्यालय निघाले आणि १९०८ साली संस्थांसाठी आजन्म कार्यकर्ते तयार करणारा निष्काम कर्म मठ.

छप्पन्नाव्या वर्षी नवा आरंभ

१९१४ साली अण्णांनी प्राध्यापकी सोडली. वय छप्पन्न. त्या काळी पन्नाशी उलटली की माणूस म्हातारा समजला जाई. तेव्हा तीर्थयात्रा, पोथी, ओसरी आणि तपकिरीची डबी हा क्रम ठरलेला होता. अण्णांनी १९१५ साली आत्मवृत्त प्रसिद्ध केले. आत्मचरित्र लिहिले म्हणजे आयुष्याचा हिशेब पुरा झाला असे कोणालाही वाटावे. त्यांच्या बाबतीत मात्र त्यानंतर अजून सत्तेचाळीस वर्षांचा मजकूर बाकी होता.

त्या सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली. मुलींसाठी वेगळे विद्यापीठ असावे, तिथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे, आणि स्त्रियांच्या जीवनाला उपयोगी पडतील असे विषय ठेवावेत, ही कल्पना त्यांच्या मनाने घेतली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली. १९१६ साली विद्यापीठ सुरूही झाले. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पैसा जेमतेम. पुढची चार वर्षे अण्णा देशभर हिंडून लहान-मोठ्या देणग्या गोळा करीत राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने विद्यापीठाचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. आपल्या भागातल्या घरांतही एस. एन. डी. टी. हे नाव ओळखीचे आहे.

साठीच्या उंबरठ्यावर माणसाने विद्यापीठ काढले, याचे नवल आहेच. पण ज्येष्ठांच्या दृष्टीने आम्हाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. निवृत्तीच्या दिवशी अण्णांच्या हाती रिकामा दिवस आला नाही. करायचे काम आधीच ठरलेले होते. बहुतेकांच्या बाबतीत उलटे होते. नोकरी संपते, शेत मुलाच्या हाती जाते, दुकानाच्या गादीवर दुसरा बसतो आणि मग काय करायचे याचा विचार सुरू होतो. तोवर वर्ष-दोन वर्षे अशीच जातात आणि त्या वर्षांत पाय व मन दोन्ही आखडतात.

सत्तरीत जगप्रवास

१९२९ च्या मार्च महिन्यात अण्णा युरोपला निघाले. एकाहत्तरावे वर्ष पुरे होत आले होते. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला ते हजर राहिले. लंडनमध्ये भारतातील स्त्रीशिक्षणावर त्यांनी व्याख्यान दिले. जिनिव्हाच्या आणि डेन्मार्कमधील एल्सिनोरच्या शिक्षण परिषदांना ते गेले. बर्लिनमध्ये आईनस्टाईन यांची भेट झाली. मग अमेरिका आणि तिथून जपान. ज्या देशाच्या पुस्तिकेने विद्यापीठाची कल्पना सुचवली, तो देश त्यांनी पंधराएक वर्षांनी प्रत्यक्ष पाहिला. १९३० साली ते परत आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आफ्रिकेला निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका असा तो सव्वा वर्षाचा दौरा. तिथल्या भारतीय वस्त्यांतून त्यांनी विद्यापीठासाठी निधी जमवला.

तरुणपणी चारचौघांत बोलायला लाजणारा माणूस सत्तरीत अनोळखी देशांत परक्या भाषेत व्याख्याने देत फिरला. धीटपणा येण्याचे वय निघून गेले, असे म्हणायला इथे जागा राहत नाही. मेव्हणी पार्वतीबाई आठवले यांचेही असेच. त्या आश्रमाच्या कामात आयुष्य घालवलेल्या विधवा. पन्नाशीच्या जवळ आल्या असताना त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकामाची नोकरी करून राहिल्या. आपल्या घरातली साठीची आजी मोबाइलवर पैसे पाठवायला शिकायचे म्हटले की मागे सरते. आपणही तिच्या हातातून मोबाइल घेतो आणि स्वतःच काम उरकतो. वेळ वाचतो, पण आजीचे शिकणे राहून जाते.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातल्या शाळा

परदेशांतून मानसन्मान घेऊन आलेल्या माणसाने आता विश्रांती घ्यावी, असे कोणालाही वाटले असते. अण्णांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळाच नाही, तिथे शाळा काढणे हे त्याचे काम. विद्यापीठासाठी लाखांची देणगी मिळवणारे अण्णा या कामासाठी पुन्हा लहान लहान वर्गणी मागू लागले. स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातूनही त्यांनी पैसे घातले. शाळा सोडलेल्या प्रौढांचे वाचन सुटू नये, गावातल्या माणसांना वाचायची सवय राहावी, इकडेही त्यांचे लक्ष होते.

इथे आपण आपल्या गावांकडे पाहावे. पांढुर्णा आणि सौंसरचा हा पट्टा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला, मग मध्य प्रांत व वऱ्हाडातला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घरात बोलणे मराठी, कचेरीत आणि शाळेत हिंदी, अशी आपली रीत. शाळेतून मराठी न शिकलेल्या नातवंडाला देवनागरी वाचता येते, कारण हिंदीची लिपी तीच आहे. पण हरिपाठ, पोथी, मराठी वर्तमानपत्र हातात दिले की ते अडखळते. घरात हे सगळे सहज वाचणारी माणसे आता सत्तरीपुढची आहेत. त्यांच्याशी नातवंडांचे बोलणे तुटले, तर वृद्धांचा एकटेपणा वाढेलच, शिवाय पिढ्यान्‌पिढ्या इथे टिकलेली आपली मराठीही आपल्याच डोळ्यांदेखत जाईल. तेव्हा आजोबांनी आठवड्यातून दोन दिवस चार मुलांना मराठी वाचायला शिकवले, तर तो त्यांच्यासाठी नुसता विरंगुळा राहणार नाही. ते काम आज त्यांच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

१९४४ साली अण्णांनी समता संघ काढला. जातिभेद आणि अस्पृश्यता जाऊन माणसे बरोबरीने वागावीत, हा त्याचा उद्देश. वय शहाऐंशीच्या घरात. विधवांपासून मुलींकडे, मुलींपासून खेड्यांतल्या मुलांकडे आणि तिथून साऱ्या समाजाकडे, असे त्यांच्या कामाचे वर्तुळ वयाबरोबर मोठे होत गेले. आपल्याकडे वयाबरोबर वर्तुळ लहान होते. आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग शेजार आणि शेवटी खाट उरते.

दिनक्रम आणि पैसा

अण्णांची प्रकृती मुळात काटक होती हे मान्य करायला हवे. प्रत्येकाला असे शरीर मिळत नाही. पण त्यांनी ते जपलेही. चालणे त्यांनी कधी सोडले नाही. खाणे साधे आणि बेताचे, राहणी त्याहून साधी. दिवसाची कामे ठरल्या वेळी होत. आज वैद्यकशास्त्र हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीपुढच्या माणसांनीही आठवड्याला निदान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, जरा भरभर चालावे किंवा तेवढेच श्रम होतील असे काही करावे. तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. उतारवयात मांडीचे हाड मोडले की पुष्कळांचे हिंडणे-फिरणे कायमचे जाते. म्हणून न्हाणीघरात धरायला दांडी, पायरीवर उजेड आणि पायात न घसरणारी चप्पल या गोष्टी औषधाइतक्याच गरजेच्या आहेत.

पैशाच्या बाबतीत अण्णांचे वागणे मात्र जसेच्या तसे उचलण्यासारखे नाही. आश्रम काढताना त्यांनी आपली शिल्लक त्यात घातली आणि विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. घरात लहान मुले असताना हे केले. आनंदीबाईंना ते पटले नाही आणि पटण्यासारखे नव्हतेच. थोर माणसाला ते साजले, कारण मागे आनंदीबाई उभ्या होत्या. आम्ही आमच्या वाचकांना एवढेच म्हणू की, हयात असेतो घर आणि ठेव आपल्या नावावर ठेवावी. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. हातात स्वतःचे चार पैसे असले की म्हातारपणी मान ताठ राहते. अण्णांनी विधवांच्या बाबतीत आयुष्यभर हेच मानले होते. दुसऱ्यावर अवलंबून राहणाऱ्या माणसाला मायेचेही ओझे वाटते.

घरची बाजू

अण्णांच्या दीर्घ आणि स्वावलंबी आयुष्याचे श्रेय देताना आनंदीबाईंना वगळता येणार नाही. संसाराची ओढाताण त्यांनी सोसली, मुले वाढवली, आश्रमासाठी स्वतः वर्गणी गोळा केली. आपले अनुभव त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहेत. पती मोठा माणूस असला की घरात काय काय सोसावे लागते, हे त्यात लपवलेले नाही. सून इरावतीबाई कर्वे या मोठ्या मानवशास्त्रज्ञ. त्यांनीही सासऱ्यांवर लिहिताना भक्तिभाव बाजूला ठेवला.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे की, वृद्धांची काळजी घ्यावी असे आपण सभेत बोलतो, तेव्हा ती घेणार कोण हे बोलत नाही. बहुतेक घरांत ती सून घेते किंवा गावात राहिलेली लेक. तिचेही वय पन्नाशीपुढचे असते, गुडघे तिचेही दुखत असतात. सासूबाईंचे अंथरूण, सासऱ्यांचे पथ्य, घरचा स्वयंपाक, सगळे तिच्यावर. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी, याची व्यवस्था घरातल्या पुरुषांनी आणि शेजाऱ्यांनी केली पाहिजे. मुलगा परगावी असला तरी दवाखान्याची वेळ घेणे, औषधे मागवणे, बँकेची कामे ही त्याला तिथूनही करता येतात.

दीर्घायुष्याचे दुःख

जास्त जगणाऱ्या माणसाला जास्त मरणे पाहावी लागतात. आनंदीबाई २९ नोव्हेंबर १९५० रोजी वारल्या. सत्तावन्न वर्षांचा सहवास संपला तेव्हा अण्णा ब्याण्णव वर्षांचे होते. १९५३ साली थोरले चिरंजीव रघुनाथराव गेले. संततिनियमनाच्या प्रचारासाठी नोकरी गमावलेले, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे ते हेच. पंचाण्णवाव्या वर्षी बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाचे मरण पाहिले. १९५५ साली पार्वतीबाईही गेल्या. ज्यांच्याबरोबर हिंगण्याचा माळ वसवला ती माणसे एकेक करून निघून गेली.

या काळात अण्णांना कशाने धरून ठेवले, याचा आम्ही विचार केला. घरची माणसे होतीच. शिवाय हिंगण्याला मुलींचा राबता होता. सकाळी शाळेची घंटा वाजे, अंगणातून मुली जात, जुन्या विद्यार्थिनी आपल्या नातवंडांना घेऊन भेटायला येत. म्हाताऱ्या माणसाभोवती कोवळ्या वयाची माणसे असणे हे मोठे भाग्य असते. ते अण्णांना आपसूक मिळाले नव्हते. त्यासाठी त्यांनी अर्धे शतक झीज सोसली होती.

सन्मान पुष्कळ उशिरा आले. बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ साली डॉक्टरेट दिली. पुढे पुणे, मुंबई आणि त्यांनी स्वतः काढलेल्या महिला विद्यापीठानेही पदव्या दिल्या. त्या महिला विद्यापीठाला कायद्याची मान्यता स्वातंत्र्यानंतरच मिळाली. तेव्हा अण्णा नव्वदी ओलांडून गेले होते. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली आणि पंतप्रधान नेहरू त्या समारंभाला आले होते. त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही त्या वर्षी निघाले. स्वतंत्र भारताने हयात व्यक्तीचे तिकीट काढण्याची ती पहिलीच वेळ. ज्या माणसाला गावाने वाळीत टाकले होते, त्याचे चित्र आता गावोगावच्या पत्रांवर चिकटून फिरू लागले.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले. वय एकशेचार वर्षे साडेसहा महिने. हिंगण्याच्या त्या माळाला आज कर्वेनगर म्हणतात. पुण्यात शिकणारी आपली मुले तिथून रोज जातात. पुढच्या खेपेला त्यांनी तिथली अण्णांची झोपडी अवश्य पाहावी.

आपल्या गावात काय करता येईल

सगळ्यांनी विद्यापीठे काढावीत असे आम्हाला सुचवायचे नाही. अण्णांच्या उत्तरायुष्यातून तीन गोष्टी घेता येतात: पाय चालते ठेवणे, माणसांत राहणे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे एक काम हाती असणे. या तिन्हींसाठी खर्च फार लागत नाही, सोबत मात्र लागते.

मंडळापुढे आम्ही काही सूचना ठेवतो. पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडे, मोहल्ल्यामोहल्ल्यांत, सकाळी एकत्र फिरणाऱ्यांचे गट करावेत. एखादा दिवस कोणी आले नाही तर बाकीच्यांनी त्याच वाटेने त्याच्या घरी डोकवावे. ज्या घरी एकटे माणूस राहते, त्याच्या दोन शेजाऱ्यांचे आणि परगावच्या मुलांचे क्रमांक मंडळाच्या वहीत असावेत. पोळा झाला, गोटमार झाली, गणपती बसले, की आपण सारे एकमेकांकडे जातो. पण दिवाळीनंतर संत्र्याचा हंगाम आणि मग कडक उन्हाळा यांत कित्येक घरांची कडी कोणी वाजवत नाही. तेव्हा महिन्यातून एक दिवस ज्येष्ठांचा ठरवावा. कधी भजन, कधी जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन, कधी नुसत्या गप्पा. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीने आणावे. मराठी वाचनाचे वर्ग आजी-आजोबांनी घ्यावेत. पुढच्या स्मरणिकेत त्या मुलांचे लेखन छापता येईल.

काही सोयी सरकारच्याही आहेत, त्या माहीत असाव्यात. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे कार्ड मिळते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क मदत क्रमांक आहे. आई-वडिलांचा सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध २००७ च्या कायद्याने दाद मागता येते. आपल्या समाजात कोणावर ही वेळ येऊ नये, पण आली तर आजी-आजोबांसोबत कचेरीत जायला मंडळाचा एक माणूस हवा.

आणि शेवटी ज्येष्ठांनाच एक विनंती. कोणी बोलावील याची वाट पाहू नका. तुमच्यात कोणी शिक्षक होते, कोणी पोस्टात, कोणी रेल्वेत, कोणाला संत्र्याच्या बागेचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे, कोणाच्या हातच्या सांडग्या-पापडांची कृती गावात दुसऱ्या कोणाला येत नाही. यंदाच्या उत्सवात आरतीनंतर मांडवात एक वही ठेवलेली असेल. आपल्याला काय शिकवता येईल आणि कोणत्या वेळी, एवढे त्यात लिहावे. शिकायला येणारी मुले शोधण्याचे काम आम्ही करू.